सकाळी सेल्फ घेत नाही? जुन्या गाडीत नवी बॅटरी टाकायच्या आधी हे मोजून बघा

माझ्या जुन्या गाडीत मी दीड वर्षात दोन बॅटऱ्या घातल्या. पहिली गेली तेव्हा म्हटलं वय झालं असेल तिचं, पण दुसरी नवीकोरी बॅटरीसुद्धा सातव्या महिन्यात सकाळी सकाळी किट-किट-किट करायला लागली तेव्हा कळलं की आपलं आजार रेड्याला आणि औषध पखालीला चाललंय. चोर निघाला डिकीतला दिवा. एवढासा ५ वॅटचा बल्ब, पण डिकी बंद केली तरी त्याचं बटण दाबलंच जात नव्हतं, आणि बंद डिकीत दिवा चालू आहे का हे बघायला आत कोण जाऊन बसणार? शेवटी मोबाईलवर व्हिडिओ चालू केला, मोबाईल आत ठेवून डिकी लावली, अर्ध्या मिनिटाने काढून बघितलं तर आत लख्ख उजेड. ५ वॅट म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ०.४ अँपिअर, दिवसभरात जवळपास १० अँपिअर-अवर, म्हणजे ४५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन-चार दिवस गाडी उभी राहिली की संपलीच.

तेव्हापासून पार्ट बदलायच्या आधी मोजतो, आणि मोजतो ते सर्किट काम करत असताना. बंद गाडीवर मीटर लावला की तो गोड गोडच बोलतो, खरं बोलतो ते लोड पडल्यावर. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

हे सगळं साध्या १२ व्होल्टच्या, लेड-ॲसिड बॅटरीवाल्या, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) असलेल्या जुन्या गाडीसाठी आहे. फारच जुनी गाडी असेल तर आधी बघून घ्या की ती ६ व्होल्टची तर नाही ना, आणि बॅटरीची कुठली बाजू बॉडीला जोडलीय, कारण काही जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह बाजू बॉडीला असायची आणि तिथे सवयीने केबल जोडली तर धूरच निघायचा.

हाताशी काय लागेल

डिजिटल मल्टिमीटर, साधा असला तरी चालतो, फक्त त्यात १० अँपिअरचं वेगळं भोक हवं. एक टेस्ट लॅम्प, तो घरीच करता येतो, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, होल्डरला दोन लांब वायरी जोडा, टोकाला क्लिपा लावा, झाला. टर्मिनलचे पाने, वायर ब्रश, पॉलिश पेपर, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. चष्म्याला हसू नका, चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि एक ठिणगी पुरते. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, कारण पाना पॉझिटिव्ह टर्मिनलवर आणि अंगठी बॉडीला लागली तर ती अंगठी लाल होते आणि बोट आत असतं. टर्मिनल सोडताना आधी निगेटिव्ह सोडायचं, जोडताना निगेटिव्ह शेवटी. ॲसिड डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा.

आधी नुसतं ऐका

मीटर काढायच्या आधी चावी फिरवा आणि कान द्या, अर्धं निदान इथेच होतं. पटापट किट-किट-किट-किट आवाज आला तर सोलेनॉइडला (सेल्फचा जाड करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) ओढायला करंट मिळतोय पण मोटर लोड घ्यायला लागली की व्होल्टेज कोसळतं आणि तो सुटतो, परत ओढतो, परत सुटतो, म्हणजे बॅटरी उतरलीय नाहीतर टर्मिनल खराब. एकच जड ठक् आवाज आला आणि पुढे काही नाही तर संशय सोलेनॉइडच्या आतल्या कॉन्टॅक्टवर किंवा सेल्फच्या कार्बन ब्रशवर. आवाजच नाही तर चावीचा स्विच, सोलेनॉइडची बारीक वायर, रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) असेल तर तो, आणि ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर लिव्हरचा न्यूट्रल स्विच. सेल्फ फिरतोय पण कण्हत-कुंथत, तर बॅटरी, केबल, अर्थिंग (करंट बॉडी-इंजिनमधून बॅटरीकडे परत यायची वाट), सेल्फ, चौघांपैकी कोणीही.

मग हेडलाईट लावा आणि परत सेल्फ मारा. दिवे पार मंदावले किंवा विझले तर करंट मागितला जातोय पण पुरत नाहीये, बॅटरी-टर्मिनलची बाजू बघा. दिवे जसेच्या तसे झगझगीत राहिले आणि सेल्फ गप्प, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाहीये आणि अशा वेळी नवीन बॅटरी टाकून काहीही होणार नाही. ही टेस्ट अर्ध्या मिनिटाची आहे, फुकट आहे, आणि लोक हीच करत नाहीत.

टर्मिनल

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालेल्या गाड्या मी बऱ्याच बघितल्यात. टर्मिनल हाताने फिरवून बघा, हललं तर तो फॉल्टच. पांढरी किंवा हिरवट-निळी बुरशी दिसली तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओता, फेस येईल, तो थांबेपर्यंत घासा, फक्त ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. पण खरी गोम दिसत नाही. टर्मिनल वरून स्वच्छ दिसतं आणि आत पोस्ट (बॅटरीचा शिशाचा खुंटा) आणि क्लॅम्पच्या (केबलच्या टोकाची पकड) मध्ये काळपट थर बसलेला असतो, म्हणून क्लॅम्प काढूनच दोन्हीकडे पॉलिश पेपर मारायचा, धातू चमकला पाहिजे, मग घट्ट बसवायचं आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात. व्हॅसलीन बसवल्यानंतर, आधी नाही.

बॅटरीचा वरचा भाग ओला आणि कळकट असेल तर तोही पुसून घ्या. त्या ॲसिडमिश्रित घाणीतून पॉझिटिव्हकडून निगेटिव्हकडे थोडा थोडा करंट जात राहतो. विश्वास नसेल तर मीटरचा काळा प्रोब निगेटिव्हवर ठेवा आणि लाल प्रोब बॅटरीच्या प्लास्टिकवर त्या घाणीत फिरवा, व्होल्टेज दिसेल.

उभ्या बॅटरीचं रीडिंग

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी दार उघडायच्या आधी, म्हणजे आतला दिवा लागायच्या आधी, बॉनेट उघडून मोजता आलं तर उत्तम. नाहीतर नुकत्याच चालवलेल्या गाडीच्या बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि रीडिंग फुगलेलं येतं, तेव्हा हेडलाईट दोन मिनिटं लावून बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग मोजा. १२.६ ते १२.७ म्हणजे फुल. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी, आणि इथे ती आधी चार्ज करायची, मग पुढचं बोलायचं. १२.० म्हणजे पाव, त्याखाली रिकामी. साधारण १०.५ च्या आसपास दिसतंय आणि चार्ज करूनही वर चढत नाही तर सहापैकी एक सेल गेला, कारण एका सेलचे २.१ व्होल्ट असतात, वजाबाकी करून बघा.

आता इथेच सगळे फसतात. १२.६ दिसलं की म्हणतात बॅटरी चांगली आहे. १२.६ हे फक्त सांगतं की बॅटरी भरलेली आहे, तिच्यात जोर किती उरलाय ते नाही सांगत. हंडा काठोकाठ भरलाय पण तळाला निम्मी वाळू बसलीय, वरून बघून काय कळणार.

सेल्फ मारताना

म्हणून प्रोब बॅटरीच्या पोस्टवर धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. गाडी लगेच चालू झाली तर रीडिंग बघायला वेळच मिळत नाही, म्हणून डिस्ट्रिब्युटरवाल्या पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलकडे जाणारी बारीक पॉझिटिव्ह वायर काढून ठेवा, डिझेलमध्ये पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची. गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला. दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारायचा नाही, मध्ये एक-दोन मिनिटं विश्रांती, सेल्फ जळतो नाहीतर.

बॅटरी भरलेली असताना आणि हवा फार गार नसताना सेल्फ फिरत असतानाचं व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. चांगल्या गाडीत १० च्या वरच राहतं. १२.६ वरून सरळ ८ किंवा ७ वर कोसळत असेल तर बॅटरी म्हातारी झाली. पण एक अपवाद डोक्यात ठेवा, सेल्फच आतून जाम असेल तर तो इतका करंट ओढतो की चांगली बॅटरीसुद्धा खाली बसते, म्हणून शंका असेल तर दुसऱ्या गाडीची ठणठणीत बॅटरी जोडून तेच रीडिंग घ्या, तरी ती पण कोसळली तर सेल्फ खोला. आणि उलटं झालं, म्हणजे व्होल्टेज ११ च्या वर राहिलं तरी सेल्फ मरतुकडा फिरतोय, तर बॅटरीला दोष देऊ नका, वाटेत कुठेतरी करंट अडतोय, त्याच्याकडे येतोच.

बॅटरीला वर झाकणं असतील तर हायड्रोमीटर (ॲसिड किती दाट आहे, म्हणजे त्याची ग्रॅव्हिटी, मोजणारी नळी) लावा, मला तरी यापेक्षा खरं बोलणारं दुसरं काही माहीत नाही. भरलेल्या सेलची ग्रॅव्हिटी १.२६५ ते १.२८०, अर्ध्या भरलेल्याची १.१९० च्या जवळ. पण आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. पाच सेल १.२६० दाखवतायत आणि एक १.२००, म्हणजे ०.०५० च्या वर फरक पडला, तर ती बॅटरी गेली, चार्ज करत बसू नका. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि ते चार्ज झाल्यावर घालायचं कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि ॲसिड उतू जातं, मात्र प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढं आधी घालायलाच हवं. सगळ्याच सेलचं पाणी पटापट कमी होत असेल तर बॅटरी सोडा, चार्जिंग जास्त होतंय.

चार्जिंग

गाडी चालू करा, थोडा रेस द्या, दीड-दोन हजार आरपीएमला बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसायला हवं. मग हेडलाईट, ब्लोअर, वायपर, मागची काच गरम होणारी असेल तर ती, सगळं एकदम लावा. तरी १३.५ च्या आसपास राहिलं पाहिजे. १३ च्या खाली घसरत असेल तर आधी बेल्ट बघा, सैल आहे का, काचेसारखा गुळगुळीत झालाय का, गाडी चालू केल्यावर चिरकतो का. मग मागची जाड वायर, मग ब्रश आणि रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा). १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरी उकळवून टाकेल, बल्ब पण एकामागून एक उडतात ते यानेच.

डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा नुसता शोभेचा नसतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारा सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच जातो. चावी ऑन केल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर आधी बल्ब बघा, कारण तो उडाला असेल तर चांगला अल्टरनेटर चार्जिंग करत नाही आणि लोक अल्टरनेटर बदलून मोकळे होतात. गाडी चालू असताना तो दिवा अगदी मिणमिणता पेटत असेल तर अल्टरनेटरच्या आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेल्याची शंका घ्या. डायोड बघायला मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू गाडीच्या बॅटरीवर लावायचा, ०.५ व्होल्टच्या वर एसी दिसलं तर डायोड खराब. आणि असा डायोड दुहेरी त्रास देतो, दिवसा चार्जिंग कमी आणि रात्री उभ्या गाडीत बॅटरी उलटी अल्टरनेटरमधून रिकामी.

आणि एक हात जोडून सांगणं, चालू गाडीचं बॅटरी टर्मिनल काढून "गाडी बंद पडली नाही म्हणजे अल्टरनेटर ओके" ही टेस्ट करू नका. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेजचा फटका बसतो, त्यात डायोड, रेग्युलेटर, म्युझिक सिस्टीम, गाडीत कॉम्प्युटर असेल तर तोही, काहीही उडू शकतं. अल्टरनेटरच्या आधी डायनॅमो असायचे त्या जमान्यातली सवय आहे ती.

व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे खरा खेळ

सेल्फ १५० अँपिअर ओढतोय असं धरा. वाटेत कुठेतरी ०.०१ ओम एवढासा अडथळा आला तरी १५० गुणिले ०.०१, म्हणजे दीड व्होल्ट तिथेच खर्च झाला. आणि ०.०१ ओम तुमच्या मीटरच्या ओम रेंजवर दिसतच नाही, नुसते दोन प्रोब एकमेकांना टेकवले तरी तो ०.२-०.३ दाखवतो. म्हणून केबल काढून ओममध्ये तपासणारा माणूस म्हणतो केबल चांगली आहे आणि गाडी काही चालू होत नाही. इथे व्होल्टेज ड्रॉपच मोजावा लागतो.

लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर, क्लॅम्पवर नाही, पोस्टच्या शिशावर. काळा प्रोब सेल्फवर जिथे जाड केबल येते त्या स्टडवर. आता सेल्फ मारा. जे दिसेल तेवढं व्होल्टेज वाटेत वाया जातंय. ०.५ पर्यंत ठीक. जास्त असेल तर काळा प्रोब एकेक टप्पा मागे आणा, केबलचं टोक, मग बॅटरीचा क्लॅम्प, जिथे आकडा धाडकन कमी होईल तिथे प्रोबने नुकताच ओलांडलेला जोड खराब. सोलेनॉइड तपासायला काळा प्रोब मोटरकडच्या स्टडवर न्या, तिथे सेल्फ मारायच्या आधी मीटर १२ व्होल्ट दाखवणार, घाबरू नका, सेल्फ मारल्यावरचा आकडाच बघायचा.

मग अर्थिंगची बाजू, आणि माझ्या अनुभवात निम्म्या भानगडी इथेच असतात. काळा प्रोब निगेटिव्ह पोस्टवर, लाल प्रोब इंजिनच्या स्वच्छ धातूवर, रंगावर किंवा तेलकट जागी नाही. सेल्फ मारताना ०.२-०.३ च्या वर जायला नको. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून ते वेगळंच असतं, दोघांना जोडणारी एक विणलेली पट्टी असते, ती गंजते, तुटते, किंवा कोणीतरी गिअरबॉक्स उतरवल्यावर परत लावायलाच विसरतं. मग तो दीडशे अँपिअर दुसरी वाट शोधतो आणि ती वाट कधी कधी क्लच नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून असते. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल गरम लागली तर दुसरं काही बघूच नका, अर्थ पट्टी बघा. झटपट खात्री करायची तर जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या धातूला लावून सेल्फ मारा, एकदम जोरात फिरला तर झालं निदान.

हीच युक्ती चार्जिंगला पण. गाडी चालू, सगळे दिवे लावून, अल्टरनेटरच्या जाड स्टडपासून बॅटरी पॉझिटिव्हपर्यंत ०.३ च्या आत हवं. अल्टरनेटर मागे १४.४ बनवतोय आणि बॅटरीला १३.१ मिळतंय, असं निघालं तर वायर बदला, अल्टरनेटरला हात लावू नका.

रात्रीत बॅटरी कोण खातंय

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, तरी दोन दिवसांनी मेली, तर उभ्या गाडीत काहीतरी चालू आहे. दारं बंद करा (बॉनेट उघडं ठेवायचंय, तर बॉनेटचा दिवा असेल त्याचा बल्ब काढा), चावी काढा, निगेटिव्ह क्लॅम्प सोडा. आधी टेस्ट लॅम्प क्लॅम्प आणि पोस्टच्या मध्ये लावा. चांगला पेटला तर मोठा लोड आहे, कुठलातरी दिवा किंवा चिकटलेला रिले, तो आधी शोधा. पेटला नाही तर मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून क्लॅम्प आणि पोस्टच्या मध्ये जोडा. अलार्म, सेंट्रल लॉक असेल तर ते झोपी जायला वीस-तीस मिनिटं द्या. मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही आणि सेल्फ तर मुळीच नाही, मीटरचा फ्यूज उडतो. आणि काम झाल्यावर लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घाला, आठवणीने, कारण ती अँपिअरमध्ये राहिली आणि तुम्ही बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलात तर तो सरळ शॉर्ट आहे. मी एक मीटर असाच घालवलाय.

साध्या जुन्या गाडीत २०-३० मिली-अँपिअर, घड्याळ, म्युझिक सिस्टीमची मेमरी, एवढं चालतं. ५० पर्यंत सहन करा. ३० मिली-अँपिअर म्हणजे दिवसाला ०.७ अँपिअर-अवर, ४५ ची बॅटरी निम्मी व्हायला महिना लागेल. १०० च्या वर असेल तर शोधायचंच. एकेक फ्यूज काढा, आकडा ज्या फ्यूजला पडेल त्या लाईनवर चोर. फ्यूज काढायला गाडीत शिरताना दार उघडलं की आतला दिवा लागतो आणि हिशोब बिघडतो, म्हणून दाराचं बटण टेपने दाबून ठेवा.

सगळे फ्यूज काढले तरी आकडा तसाच? मग फ्यूज नसलेल्या वायरी, आणि त्यात पहिला संशयित अल्टरनेटर. आधी बॅटरीचं कनेक्शन पूर्ण सोडवा, मग अल्टरनेटरची जाड वायर काढा, टोकाला टेप गुंडाळा, परत मोजा.

पण खरं सांगू, जुन्या गाडीत कंपनीच्या वायरिंगपेक्षा नंतर घातलेल्या गोष्टीच जास्त त्रास देतात. म्युझिक सिस्टीमची पिवळी वायर सतत चालू राहणाऱ्या सप्लायला असते, मेमरीसाठी, आणि लाल वायर चावीवरच्या. कोणीतरी दोन्ही एकत्र पिळून सतत सप्लायला जोडून ठेवतं आणि सिस्टीम रात्रभर अर्धी जागी राहते. अलार्म, ट्रॅकर, जास्तीचे दिवे, मोबाईल चार्जर, यांच्या वायरी शोधा, जिथे काळी चिकट टेप सुटलेली दिसेल तिथे थांबा आणि तो जोड खोला.

बाकीचे फॉल्ट

फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा घाला, एकदाच. परत उडाला तर मोठा घालायचा नाही, फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा तर नाहीच नाही, आग लागते. त्याऐवजी फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांना तो २१ वॅटचा टेस्ट लॅम्प लावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल पण करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही, म्हणून वायर जळत नाही, आणि तुम्ही निवांतपणे एकेक कनेक्टर सोडत, वायरी हलवत जाऊ शकता, बल्ब विझला की तिथे शॉर्ट. दाराच्या बिजागराजवळ आणि डिकीच्या झाकणाकडे जाणाऱ्या वायरी हजारो वेळा दुमडलेल्या असतात, तिथून सुरुवात करा, मग पत्र्याच्या भोकातून जिथे वायर जाते आणि रबर वाळून पडलेलं असतं तिथे.

एखादी गोष्ट चालत नाही आणि मीटर तिथे १२ व्होल्ट दाखवतोय, हे कोडं नवीन माणसाला फार छळतं. वायरच्या वीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी मीटर १२ दाखवतो कारण तो जवळजवळ करंट घेतच नाही. तिथे टेस्ट लॅम्प लावा, त्या एका तारेतून २१ वॅट जात नाहीत, बल्ब मंद राहतो, पितळ उघडं पडतं.

ब्रेक दाबला की इंडिकेटरचा दिवा पण उजळतो, इंडिकेटर दिला की मागचा पार्किंग लाईट लुकलुकतो, असली भुताटकी दिसली तर शंभरातल्या नव्वद वेळा त्या लाईटचं अर्थिंग सुटलंय आणि करंट दुसऱ्या बल्बमधून उलटा घरी जातोय. अर्थचा स्क्रू काढा, खालचा पत्रा चमकेपर्यंत घासा, परत लावा. पेट्रोलचा काटा आणि टेम्परेचरचा काटा दोन्ही एकदमच चुकीचे झाले तर दोन्ही सेंडर (काट्याला माप पाठवणारे भाग) एकदम जात नसतात, अनेक जुन्या गाड्यांत मीटरच्या मागे दोघांना मिळून एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तो किंवा त्याचं अर्थ बघा.

हेडलाईट पिवळट पडत असतील तर दिवे लावूनच बल्बच्या सॉकेटवर मोजा. व्होल्टेज १०% कमी झालं तर उजेड ३०% कमी होतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाईटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो, स्विच गरम होतो, व्होल्टेज तिथेच जातं. बॅटरीपासून फ्यूजसकट जाड वायर आणून रिले बसवला की तेच बल्ब नव्यासारखे वाटतात. रिलेवर ३० म्हणजे बॅटरीकडून येणारा सप्लाय, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारा, ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं. आणि रिलेचा टक् आवाज आला म्हणजे तो चांगला असं समजू नका, आवाज कॉइलचा असतो, कॉन्टॅक्ट जळलेले असू शकतात, शेजारचा तसाच रिले अदलाबदल करून बघा.

कधी चालतं कधी नाही अशा फॉल्टला गाडी चालू ठेवून, दिवे लावून, वायरिंगचा जुडगा हलवत जायचं, कनेक्टर दाबत जायचं, एक माणूस दिव्याकडे बघत. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा उपाय नाही.

फॉल्ट सापडला की बॅटरी आधी चार्जरवर लावा, क्षमतेच्या दहाव्या भागाने, म्हणजे ४५ च्या बॅटरीला साडेचार अँपिअरच्या आसपास. मेलेली बॅटरी अल्टरनेटरच्या गळ्यात टाकून फिरायला निघालात तर तो बिचारा तासभर पूर्ण ताकदीने तापत राहतो, आणि उतरलेली बॅटरी तशीच आठवडाभर पडू दिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती खरोखरच बदलावी लागते.

माझ्या बॉनेटच्या आत आता एक कागद चिकटवलेला आहे, दर दोन-तीन महिन्यांनी त्यावर चार आकडे लिहितो, उभ्याचं, सेल्फचं, चार्जिंगचं आणि रात्रीचा करंट. शेवटची ओळ आहे १२.६, १०.४, १४.२, २२ मिली. सेल्फचा आकडा मागच्या खेपेला १०.६ होता, त्यामुळे आता त्याच्यावर डोळा ठेवून आहे.